मुंबईला बोर्ड घेऊन उभं राहण्याआधी

प्रिय पोरा,

सलाम. (आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांमधे नमस्काराच्या जागी सलामच म्हणतात, तुला एव्हाना सवय झाली असेल.)

तुझा मेसेज वाचला. यंदा आपल्या पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मुलांच्या वेलकम टीममधे तुझं नाव घातलंय आणि तू धास्तावून विचारतोयस की मॅडम, मी बार्शीचा, घरी आजोबा माळकरी, मला बायबलमधलं शून्य येतं, मी काय कुणाचं स्वागत करणार. मला विचारशील तर बरं झालं तुलाच घेतलं. लोकांना वाटतं ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे यजमान ख्रिस्ती आणि बाहेरून येतो तो बिचारा परका, त्याला सगळं समजावून सांगायचं. पुण्यात हे बऱ्याचदा उलटं असतं रे. झांबियाचा नाहीतर केनियाचा जो मुलगा येतो ना, त्याच्या घरी आजीपासून सगळे ॲडव्हेंटिस्ट (शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) असतात, झांबियात तर ही मंडळी लाखांनी आहेत, तो पहिल्याच शनिवारी उपासनेला बसला की गाण्याचं पुस्तक न उघडता सूर धरतो आणि तू शेजारी बसून नुसते ओठ हलवत असतोस. आत तो घरचाच असतो. गेटमधून औंध रोडला बाहेर पडला की मात्र त्याला काही म्हणजे काही कळत नाही, रिक्षावाला मान हलवतोय ते हो की नाही, दुकानदार का हसला, सुट्टे नाहीत म्हणजे आता काय करायचं. आणि तू गेटबाहेरच्या जगातला माणूस. त्याला तूच हवायस.

सगळेच ख्रिस्ती येतात असं नाही अर्थात. भूतानचा बौद्ध असतो, सुदानचा मुसलमान असतो, त्यांचं पुढे लिहिते.

संस्थेबद्दल थोडं माहीत असू दे, कारण गाडीत पोरं विचारतात. १९१५ ला कोइम्बतूरला सुरू झालं, मग बंगळूर, मग १९४२ ला पुण्यात खडकीकडे आलं, तेव्हा किरकी म्हणायचे, आणि २०१४ मधे महाराष्ट्र सरकारच्या कायद्याने विद्यापीठ झालं. म्हणजे कॉलेजनेच दोनदा बिऱ्हाड हलवलंय. बास, एवढं पुरे, भाषण देऊ नकोस, रात्रभर विमानात जागलेल्या पोराला इतिहास नको असतो.

त्याला काय हवं असतं सांगू? आईला फोन. मुंबईला विमानतळाबाहेर आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याला तुझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट दे, बॅगा नंतर उचल, आधी त्याला व्हॉट्सॲप कॉल लावू दे, आणि तू चार पावलं लांब जाऊन उभा रहा. कॉल झाला की चेहरा बघ, वेगळाच माणूस असतो. मग पाणी, मग वॉशरूम, मग गाडी. एक्सप्रेसवेवर फूडमॉलला थांबलात तर बिल तू दे आणि वडापाव कितीही आवडता असला तरी पहिल्या दिवशी लसणाची चटणी वेगळी ठेवायला सांग. पावसाळ्यात येणार ना ही सगळी, जून-जुलैत, तेव्हा घाटात धुकं असतं, काचेबाहेर काही दिसत नाही, ती मुलं गप्प होतात. होऊ दे. प्रत्येक शांततेत काहीतरी बोललंच पाहिजे असं नसतं.

आता कागद. हे नीट वाच, दोनदा वाच. दरवर्षी वेलकमचा मोठा बॅनर करतात, त्यावर बायबलमधल्या मत्तयच्या २५ व्या अध्यायातलं वचन टाकतात, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं ते. वचन सुंदरच आहे, माझ्या आईचं तोंडपाठ होतं. पण आपल्या देशात परक्याला घरात घेतलं की चोवीस तासांच्या आत हॉस्टेलने त्याची ऑनलाईन नोंद करायची असते, सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात, आणि ज्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त आहे त्याने उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) रजिस्ट्रेशन करायचं असतं. २०१८ पासून ते ई-एफआरआरओवर ऑनलाईन होतं, पूर्वीसारखं पोरांना घेऊन बाकड्यावर बसावं लागत नाही, पण ऑनलाईन म्हणजे सोपं असं समजू नकोस, फोटोची साईज चुकली की अडलं, बोनाफाईडवरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही की अडलं, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी मुलांची नावं आपल्या फॉर्मच्या साच्यात बसत नाहीत, आडनाव कुठलं हेच ठरत नाही. पासपोर्टवर जसं आहे तस्सं लिही. स्वतःची अक्कल लावून वडलांचं नाव मधे घालू नकोस. नेपाळ-भूतानच्या मुलांना व्हिसाही नाही आणि हे रजिस्ट्रेशनही नाही, त्यामुळे ती मजेत असतात आणि बाकीच्यांना म्हणतात काही करावं लागत नाही. त्यांचं ऐकून कुणी बसून राहिला तर दंड त्याला होतो.

या १४ दिवसांचं गणित आपल्याकडे अजून एका कारणाने बिघडतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, सुरू, तो शनिवारी सूर्यास्तापर्यंत. कॅम्पसच्या आत सगळं बंद. रविवारी बाहेरच्या बँका आणि सरकारी ऑफिसं बंद. म्हणजे शुक्रवारी दुपारी जे राहिलं ते थेट सोमवारी. शुक्रवारी रात्री उतरणारा मुलगा असेल तर त्याच्या हातातले दोन-तीन दिवस असेच जातात, शिवाय तो पोचतो तेव्हा आत काही विकत मिळत नाही. म्हणून शुक्रवारी येणाऱ्याच्या खोलीत आधीच ब्रेड, केळी, पाण्याची मोठी बाटली, साबण, आणि एक टॉवेल ठेवून दे. टॉवेल लोक विसरतात हं. मुलं बॅगेच्या वजनामुळे तो आणतच नाहीत, आणि पावसाळ्यात आपल्याकडे एक टॉवेल तीन दिवस वाळत नाही. आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड, तो सगळे प्लग घेणारा. केनिया, झांबियाकडे ब्रिटिश पद्धतीची चौकोनी पिनांची प्लग असते, ती आपल्या गोल भोकात जात नाही, मोबाईल बंद पडला की रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत ते पोर एकटंच अंधाराकडे बघत बसतं.

पैशाचं असं की पहिले दोन-तीन आठवडे ही मुलं डॉलर जवळ असूनही भिकारी असतात. आपल्याकडे शेंगदाणेवालासुद्धा क्यूआर लावून बसलाय, आणि यूपीआयला बँक खातं लागतं, खात्याला मोबाईल नंबर लागतो, सिमला पासपोर्ट-व्हिसा आणि इथला पत्ता लागतो, पत्त्याला कॉलेजचं पत्र लागतं, आणि पत्रावर सही करणारे साहेब मीटिंगमधे. तू हे उलट्या टोकाने सोडव, आधी पत्र, मग सिम, मग एनआरओ खातं (परदेशी विद्यार्थ्यांना इथे उघडता येतं ते रुपयांतलं बँक खातं). बाहेरून येणाऱ्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वॉलेट आहे, जमलं तर तेही बघ. तोपर्यंत शंभर-पन्नासच्या नोटांची चळत करून दे, पाचशेची नोट घेऊन रिक्षात बसवलंस तर भांडण ठरलेलं. आणि कुणाचे पैसे तू तुझ्या गुगल पेवरून भरलेस तर वहीत लिहून ठेव, त्याच्या समोर लिही. मोठेपणा करून राहू दे म्हणू नकोस. उपकार झाले की मुलं दुसऱ्यांदा मागत नाहीत आणि मग उपाशी राहतात.

अजून दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगायच्या, गोड गोड न बोलता. एक, स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. कितीजण घरी सांगून आलेले असतात की तिकडे पार्टटाईम करून फी भरीन, कारण त्यांच्या चुलतभावाने अमेरिकेत तसं केलेलं असतं. दुसरी गोष्ट नाजूक आहे. घरी चर्चमधे लहानपणापासून बोलणारी, रस्त्यात उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष देणारी मुलं असतात ही, त्यांना त्यात काही विशेष वाटतच नाही. इथल्या कुणी उत्साही माणसाने म्हटलं की चल रविवारी आमच्या गावाला, तिथे चार शब्द बोल, की हा तयार. आपल्याकडे प्रचाराच्या कामासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. स्टुडंट व्हिसावर उपासनेला बस, गा, प्रार्थना कर, कुणी अडवत नाही, पण गावोगाव प्रवचन द्यायला गेलास तर व्हिसाची अट मोडते आणि मग कॉलेज, पोलीस, एम्बसी सगळी यात्रा होते. नेणारा माणूस घरी जाऊन झोपतो, परत जावं लागतं ते या पोराला. हे त्याला एखाद्या पाळकाने (चर्चच्या पास्टरने) नाही, तूच सांग, मित्र म्हणून, कारण पाळकाने सांगितलं तर त्याला वाटतं विश्वास कमी पडतोय.

आणि आता त्याची दुसरी बाजू, जे ख्रिस्ती नाहीत त्यांची. सुदानचा मुलगा विचारेल की चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या उपासनेला, बसावं लागतं का. जो नियम असेल तो आहे तसा सांग, ॲडमिशनच्या आधी फोनवर विचारलं तरी आहे तसा सांग. आधी नाही नाही म्हणायचं आणि आल्यावर हजेरी मागायची हा प्रकार मला अजिबात पटत नाही, त्याने चर्चचंही नाव जातं. त्याला नमाजाला शांत कोपरा लागेल, रमजानमधे पहाटेचं जेवण लागेल, मेसच्या लोकांशी आदल्या दिवशी बोलून डबा भरून ठेवता येतो. जेवणाच्या बाबतीत ॲडव्हेंटिस्ट मंडळी शाकाहार मानतात, डुक्कर नाही, दारू नाही, तंबाखू नाही, त्यामुळे हलाल की झटका हा प्रश्नच टेबलावर येत नाही. सुदानचा मुलगा, नेपाळचा ब्राह्मण आणि तुझ्यासारखा वारकऱ्याचा नातू एकाच ताटात जेवतात, मला याची फार गंमत वाटायची. रडतात ती केनियाची पोरं, त्यांना मटण हवं असतं. आणि उगाली. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा असतो तो, झांबियात नशिमा म्हणतात, हाताने मोडून पालेभाजीबरोबर खातात, आपल्या झुणका-भाकरीसारखं रोजचं आणि पोटभरीचं. आपल्याकडे मक्याचं पीठ मिळतं ते बहुतेक पिवळं, त्यावर त्यांचं समाधान होत नाही, पण पांढऱ्या मक्याचं पीठ शोधून आणलंस ना, दोन किलोच, तर बॅनरपेक्षा त्याचा उपयोग जास्त. एक लक्षात ठेव, आपलं स्वागत म्हणजे चल चहा घेऊ, पण ही मंडळी चहा-कॉफी टाळतात, तेव्हा आधी विचार. उसाचा रस चालतो. बिनबर्फाचा सांग.

तुला आनंदीबाई जोशी शाळेत धड्याला असतील. आपण त्यांची गोष्ट पहिली महिला डॉक्टर म्हणून वाचतो, मी मात्र हे काम करायला लागल्यापासून परदेशात गेलेली विद्यार्थिनी म्हणून वाचते आणि मग त्यात वेगळीच माणसं दिसायला लागतात. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र घातलं, बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, काही मदत होईल का. वाइल्डरांचं उत्तर साधारण असं की ख्रिस्ती व्हा मग बघू, आणि तो सगळा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मिशनरी मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तिथे ते मासिक हाताला लागलं, त्यांनी वाचलं आणि थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. बाई ख्रिस्तीच. पण त्यांनी अट घातली नाही. निघायच्या आधी १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई श्रीरामपूरच्या कॉलेजात बोलल्या (बंगालातलं, आपलं नगरचं नव्हे, आणि ते कॉलेजसुद्धा मिशनऱ्यांचंच), तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. जूनमधे न्यूयॉर्कला उतरल्या, कार्पेंटरबाईंनी घरी नेलं, शाकाहारी स्वैपाक स्वतः करू दिला, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या, त्यांनी तोवर बाप्तिस्मा घेतलेला, आणि गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात राहूनही त्यांनी आपला शाकाहार सोडला नव्हता, त्यावरून सिस्टरांशी वादसुद्धा घातला होता. असो, विषय भरकटला.

मला म्हणायचं होतं ते हे की मदत दोघांनीही देऊ केली होती, एकाने अट घालून आणि एकीने तशीच. पदवीनंतर एका वर्षाच्या आत आनंदीबाई पुण्यात वारल्या तेव्हा त्यांच्या अस्थी गेल्या त्या अमेरिकेत पकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनाच्या जागेत, आजही तिथेच आहेत. माझ्या मते ख्रिस्ती विद्यापीठाला यजमानपण शिकायचं असेल तर या बाईंकडून शिकावं. आणि त्याच गोष्टीत एक दुखरी बाजूपण आहे, फिलाडेल्फियात शिकताना राहायला मिळालेल्या खोलीची शेगडी धूर करायची, पेटवली तर धूर आणि नाही पेटवली तर थंडी, तब्येत तिथे आणखी खालावली. म्हणून म्हणते, मुलगा यायच्या आधी खोलीत तू स्वतः जाऊन ये. खिडकी लागते का, भिंतीला ओल आहे का, गादीला बुरशीचा वास येतो का, बाथरूममधे गीझर चालतो का. जुलैतलं पुणं त्यांना थंड लागत नाही असं वाटतं लोकांना, आफ्रिकेचा ना तू, तुला उन्हाची सवय. अरे नैरोबी आपल्या पुण्याच्या तिप्पट उंचीवर आहे, तिथली मुलं आपल्या एप्रिलमधे अक्षरशः वाळतात. हे वाक्य कुणी बोललं की तिथल्या तिथे दुरुस्त कर.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. या मुलांना रस्त्यात काळ्या म्हणतात, कालू म्हणतात, बसमधे शेजारची सीट रिकामी राहते, एफसी रोडला पोरं न विचारता सेल्फी काढतात, केसांना हात लावतात. तुझा पहिला विचार असा येईल की भाई मनावर घेऊ नको, ते गंमत करतात. ते म्हणू नकोस. त्याला मराठी येत नसलं तरी शिवी कळते, सुरावरून कळते. त्याने सांगितलं तर ऐकून घे, म्हण की हो, हे वाईट झालं, आणि तुझ्या स्वतःच्या मित्रांच्या ग्रुपमधे असं कुणी बोललं तर तिथे बोल, त्याचा उपयोग आहे. हॉस्टेल सोडून बाहेर फ्लॅट बघायला जाणारी मुलं असतील तर त्यांच्याबरोबर जा. एका सोसायटीत मी दोन मुलींना घेऊन गेले होते, फोनवर फ्लॅट रिकामा होता, आम्ही जिन्यात उभ्या राहिलो तोवर तो भाड्याने गेला होता. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगतो. आपल्या म्हणजे कोणाच्या हे त्यांना विचारायची माझी फार इच्छा होती. मराठी बोलणारा पोरगा पुढे उभा असला की दार जरा जास्त उघडतं हे खरं आहे, लाज वाटण्यासारखं आहे तरी वापर. लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करून घ्या, पोलिसांकडे माहिती द्या, आणि पत्ता बदलला की एफआरआरओलाही कळवायचं असतं, हे सगळे विसरतात.

यलो फीव्हरचं राहिलंच. ज्या देशांत तो ताप आहे तिथून येणाऱ्याला लसीचं कार्ड लागतं, आणि लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, नाहीतर एअरपोर्टवरूनच क्वारंटाईन, सहा दिवसांपर्यंत. मुलं निघायच्या तीन आठवडे आधी तू व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो मागून घे.

पहिल्या आठवड्यात सगळे धावतात, फुलं काय, फोटो काय. तुझं खरं काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतं, तेव्हा फोटो काढणारे गेलेले असतात, मेसच्या उसळीने पोट बिघडलेलं असतं, पहिली टेस्ट झालेली असते आणि मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. कुणी दोन जेवणं चुकवली की दार वाजव. कसा आहेस विचारलंस तर फाईन म्हणेल, ते विचारू नकोस, काल काय जेवलास ते विचार.

दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं, तुम्ही सगळे बॅगा उचलून गावाला जाता आणि ही पोरं कॉरिडॉरमधे उरतात. यंदा बार्शीला जाताना कुणाला तरी बरोबर ने, एकट्याला नको, दोघांना ने, म्हणजे त्यांना आपसात त्यांच्या भाषेत बोलता येईल, नाहीतर चार दिवस सतत हसून हसून एकट्याचे गाल दुखतात. आईला आधी सांग की ते काय खातात. आजोबांना सांग की पोरं जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतात, आजोबांना आवडेल ते. फटाक्यांचं आधी सांगून ठेव, काही मुलं अशा देशांतून आलेली असतात जिथे तसा आवाज वेगळ्याच कशाचा असतो. शनिवारी त्यांना प्रवास करायला लावू नकोस, तिकीट रविवारचं काढ. आणि बार्शीहून येताना ज्वारीचं पीठ आण थोडं माझ्यासाठी, इथे मिळतं त्याला चव नाही.

काही अडलं तर फोन कर, शनिवारीपण उचलते मी.

तुझी,
मॅडम